माइक चालू ठेवण्याचा नियम

६ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझी लेक भिंगरी पोहोचली. तू दिलेल्या तेलाच्या बाटलीचं झाकण वाटेत सैल झालं, त्यामुळे तिचा स्वेटर आणि मला लिहिलेलं तुझं पत्र दोन्ही तेलकट आहेत. पत्र वाचता आलं, स्वेटर भिजत घातला आहे.

माझ्या खोलीत दुसरी खाट बसली, पण आता कपाटाचं एकच दार उघडतं. ते कुणाचं, यावर आमचं रोज भांडण होतं आणि ती जिंकते, कारण हरायची वेळ आली की ती श्रवणयंत्र काढून खिशात टाकते. छपाईच्या संस्थेत तिचे वर्ग सुरू झाले आहेत. शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलतात. तिनं पहिल्याच दिवशी उठून सांगितलं, "सर, तुमची पाठ मला वाचता येत नाही." तेव्हापासून ते वळून बोलतात.

आणखी एक बातमी. आमच्या वस्तीच्या सभागृहाची दुरुस्ती चालू आहे. जुन्या सभागृहात कुणाला पायऱ्या चढता येत नव्हत्या, कुणाला भाषा कळत नव्हती, कुणाला ऐकू येत नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं. या वेळी पालिकेनं वस्तीतल्या तरुण मुलामुलींचा एक गट केला आहे. सभागृह सगळ्यांचं कसं होईल ते त्यांनी सांगायचं. ध्वनियंत्रणेचं काम माझ्याकडे असल्यामुळे मी गटात आहे. मी भिंगरीला घेऊन गेले. सभागृहाच्या कडेनं जमिनीत तारेचा एक वेढा घालायचा आहे. माइकमधला आवाज त्या तारेतून थेट श्रवणयंत्रात उतरतो. मग पंखा, खुर्च्या, खोकले काही मध्ये येत नाही. भिंगरीनं पहिल्याच बैठकीत एक नियम सुचवला: पाच माणसं जमली तरी माइक चालू ठेवायचा आणि जो बोलेल त्यानं तो हातात घ्यायचा. म्हणजे ज्याला गरज आहे त्याला प्रत्येक वेळी हात वर करून मागावं लागणार नाही. नियम एकमतानं मंजूर झाला.

तब्येत सांभाळ.

तुझी भाची


१४ फेब्रुवारी

चि. इंजिनीअरबाईस मावशीचे भरघोस आशीर्वाद.

फोन का करत नाही म्हणून रागावू नकोस. भिंगरीला फोनवर नीट कळत नाही म्हणून या घरात पत्रांची सवय लागली, आणि ती आता मलाच सुटत नाही. शिवाय फोनवर तू नुसतं "हो, हो" करतेस. पत्रात माणसाला निदान वाक्य पूर्ण करावं लागतं.

कपाटाचं दार तिलाच दे. लहानपणी तिनं माझं अख्खं कपाट घेतलं होतं, तुझं अर्धंच घेतेय.

गटाचं वाचून बरं वाटलं. पण एक सांगते, चष्म्याच्या दुकानात उभं राहून माझे केस पांढरे झालेत म्हणून सांगते. आमच्या शोकेसमध्ये ज्या फ्रेमा मांडतात त्यांना काचा नसतात. दिसायला देखण्या, पण त्यातून कुणाला काही दिसत नाही. माझ्या लेकीला तसं मांडू नका. आधीही झालंय. शाळेच्या समूहगीतात बाईंनी तिला मागच्या रांगेत उभं केलं आणि सांगितलं, "तू नुसते ओठ हलव." आठवतं? तू तेव्हा जेमतेम चौदा वर्षांची. पेटीपुढे जाऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, "मग तुम्हीही नुसती बोटं फिरवा." बाई लाल झाल्या, मी घाबरले, आणि भिंगरी त्या दिवशी बेसूर पण पोटभर गायली. तेव्हापासून तुला मी भांडखोर म्हणते. ती भांडखोर तिच्या सोबत आहे, म्हणून मला इथे झोप लागते.

तुझी मावशी


२ मार्च

प्रिय मावशी,

तार घातली. काल चाचणी घेतली. मी मंचावर माइकसमोर उभी राहिले आणि भिंगरी श्रवणयंत्राची कळ तारेच्या आवाजावर करून सभागृहभर फिरली. मी काय बोलावं ते मला सुचेना, म्हणून मी अ‍ॅम्प्लिफायरची माहितीपुस्तिका वाचून दाखवली. ती एकदम थांबली आणि म्हणाली, "इंजिन, तू पान उलटलंस ना? मला पान ऐकू आलं." तुझ्या "इंजिनीअरबाई"चं तिनं "इंजिन" केलं आहे, हे तुला माहीत असेलच. मग तिनं मला ती कंटाळवाणी पुस्तिका शेवटपर्यंत वाचायला लावली.

तांत्रिक बाजू ठीक आहे. एकच त्रुटी: तारेचं क्षेत्र भिंत जुमानत नाही. मंचामागे खुर्च्या ठेवायचं भांडार आहे, तिथेही आवाज पोहोचतो. वेढा वेगळ्या पद्धतीनं घातला असता तर कमी झाला असता. पण भांडारात खुर्च्याच असतात, म्हणून मी ते सोडून दिलं.

उद्‌घाटन तीस तारखेला आहे. गटातर्फे एकानं बोलायचं आहे आणि सगळ्यांनी भिंगरीचं नाव घेतलं. गटाचा प्रमुख "माझे तीन मुद्दे" असं म्हटल्याशिवाय पाणीही मागत नाही, म्हणून त्याला सगळे मुद्दे म्हणतात. त्यानंही मान डोलावली. ती भाषण लिहीत आहे. मला दाखवत नाही. तू ये.

तुझी भाची


९ मार्च

चि. भांडखोर भाचीस आशीर्वाद.

मी येतेय! मालकांकडे रजा मागितली. ते म्हणाले, "कशासाठी?" मी म्हटलं, "लेक भाषण करणार आहे." ते म्हणाले, "तुमची ती...?" आणि वाक्य तिथेच सोडलं. मी म्हटलं, "हो, तीच. माझी दुसरी कुठली नाही." रजा मिळाली.

यंत्राच्या बॅटऱ्या पाठवतेय. भाषणात ऐन वेळी संपायला नकोत. ती बोलायला लागली की भरभर बोलते आणि शब्द एकमेकांवर चढतात, तेवढं तिला सांग. नको, सांगू नकोस. तिला माहीत आहे. मी पहिल्या रांगेत बसणार नाही, मला रडू येतं. मधल्या रांगेत खुर्ची ठेव.

तुझी मावशी


१७ मार्च

प्रिय मावशी,

बॅटऱ्या मिळाल्या.

कार्यक्रमात थोडा बदल आहे. भाषण मुद्दे करेल. भिंगरी मंचावर असेल आणि नव्या फलकाचं अनावरण तिच्या हातून होईल. तिला हे सांगितलं आहे आणि तिची हरकत नाही. छपाईच्या संस्थेत तिला सध्या काम जास्त आहे, त्यामुळे ती काही दिवस तिथल्या मैत्रिणीच्या खोलीवर राहते आहे. जाणं-येणं वाचतं.

मी भांडारातल्या आवाजाची त्रुटी काढणार आहे. मंचाच्या बाजूची तार उकरून पुन्हा घालावी लागेल. उद्‌घाटनाआधी होईल.

तुझी खुर्ची मधल्या रांगेत ठेवली आहे.

तुझी भाची


२२ मार्च

चि. सौजन्यमूर्तीस,

तुझं पत्र तीनदा वाचलं. एकाही ओळीत तू सापडली नाहीस. "तिची हरकत नाही." असं आमच्याकडे दुकानात म्हणतात, गिऱ्हाइकाला न आवडलेली फ्रेम गळ्यात मारली की.

परवा एक बाई मुलाला घेऊन आल्या. मुलाला जाड भिंगाचा चष्मा लागला. बाई म्हणाल्या, "याला काळा देऊ नका हो, लग्नकार्यात बरं दिसत नाही." मुलगा आठ वर्षांचा. त्यानं आईकडे पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला. बाईंना काही दुष्टपणा करायचा नव्हता. तेच तर वाईट. दुष्ट माणसाशी भांडता येतं.

भिंगरीचं पत्र आलंय. तिनं काय लिहिलं ते मी तुला सांगणार नाही, कारण तिनं फारसं लिहिलेलंच नाही. शेवटी एवढंच आहे: "बाकी ताई सांगेल."

ताई. तुला ती ताई कधीपासून म्हणायला लागली गं?

मी येणार की नाही हे तुझ्या पुढच्या पत्रावर. बाळ, वाक्य पूर्ण कर.

मावशी


२५ मार्च

प्रिय मावशी,

पूर्ण करते.

अकरा मार्चला गटाची बैठक होती. भिंगरी भांडारात खुर्च्यांच्या पाठीवर क्रमांक छापत होती. तिनं स्वतः ठसा बनवला आहे, मोठ्या अक्षरांचा, हातानं चाचपून वाचता येईल असा. पालिकेच्या समन्वयक बाई आल्या आणि म्हणाल्या की पाहुण्यांच्या कार्यालयातून विचारणा झाली आहे, भाषण कोण करणार आणि "ऐकणाऱ्यांची गैरसोय" तर होणार नाही ना. नियमाप्रमाणे माइक चालू होता. नियमाप्रमाणे जो बोलेल त्याच्या हातात तो जात होता. आम्ही फार शिस्तीची मुलं आहोत.

मुद्देनं माइक घेतला. "माझे तीन मुद्दे. पहिला, पाहुणे. दुसरा, वेळ. तिसरा... तिसरा पहिल्यातच येतो."

चाकांच्या खुर्चीवरून येणारा एक मुलगा गटात आहे. त्यानं विचारलं, "मग मी पायऱ्यांशेजारच्या नव्या उतारावरून खुर्ची वरखाली करून दाखवू का?" मुद्दे म्हणाला, "नको, तुझा फोटो गेल्या वेळी झाला." तो हसला, म्हणाला, "हो, माझा कोटा संपला," आणि माइक माझ्याकडे दिला.

माझ्याकडे सगळे पाहत होते. घरची म्हणून. मी म्हणाले, आणि हे मी जसंच्या तसं लिहिते आहे: "ती बोलते ते निम्म्या लोकांना कळणार नाही. पाहुणे अवघडतील, तीही अवघडेल. तिला मंचावर बसवू, फोटो छान येतो. बोलायला नको. तिला मी सांगते, माझं ती ऐकते."

समन्वयक बाई म्हणाल्या, "किती समजूतदार आहात."

कुणी माझ्यावर दबाव आणला नव्हता. मला वाटलं की मी एक अडचण सोडवते आहे. अडचणी सोडवायची मला सवय आहे.

मग भिंगरी खुर्च्यांची चळत ढकलत बाहेर आली. तिच्या बोटांना शाई होती. तिनं खुर्च्या मांडल्या, एकेक, सरळ रेषेत. आमच्यापैकी कुणी मदतीला उठलं नाही, कारण उठलं असतं तर तिच्याकडे पाहावं लागलं असतं.

घरी जेवताना मी तिला कार्यक्रमातला बदल सांगितला. ती म्हणाली, "बरं." थोड्या वेळानं विचारलं, "भांडारात तारेचा आवाज येतो का?" मी म्हणाले, "येतो, थोडा." आणि घास हातात राहिला.

मावशी, आतापर्यंतचं कुणाच्याही हातून झालं असतं असं मी स्वतःला सांगते. यापुढचं माझ्याच हातून होऊ शकत होतं. मी ताट बाजूला सरकवलं, कागद घेतला आणि तिला आकृती काढून दाखवली. तार आठच्या आकड्यासारखी घातली तर क्षेत्र भिंतीपलीकडे कसं जाणार नाही, ते समजावलं. दोन दिवसांत करून टाकते म्हणाले. ती ती आकृती नीट पाहत होती. म्हणाली, "छान आहे." मग तिनं पिशवी भरली.

मी गळती दुरुस्त करायला निघाले होते. वाक्य तसंच ठेवून.

भिंतीविषयीची ती म्हण तुला आता आठवली असेल. कृपया म्हणू नकोस. मी ती रोज म्हणते आहे.

समूहगीताच्या वेळच्या त्या मुलीची ओळख तू मला करून दिलीस, मावशी. मला ती आवडली. ती मी आहे असं सांगायला मला लाज वाटते. शाळेतल्या त्या बाई निदान तिच्या तोंडावर बोलल्या होत्या.

तू ये किंवा येऊ नकोस. खुर्ची आहे.

तुझी भाची


२७ मार्च

ताई,

आईनं तुझ्या पत्राचा फोटो काढून मला पाठवला. तुला न विचारता. आपल्या घरात आता हेच चालू झालंय.

तू जसंच्या तसं लिहिलंस, एक शब्दही कमी नाही. मी ताडून पाहिलं. त्याबद्दल गुण देते, जास्त देत नाही.

तुला एक गोष्ट माहीत नाही. लहानपणापासून तुझा आवाज मला नेहमी कशात तरी मिसळून यायचा. पंखा, भांडी, रस्ता. अर्धी तू आणि अर्धी मी लावलेला अंदाज. त्या दिवशी माझं यंत्र तारेवरच राहिलं होतं, आणि भांडारात काहीच मध्ये नव्हतं. तुझा आवाज मी इतका स्वच्छ आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. पुस्तिकेच्या वेळी मी सभागृहभर फिरत होते, हसत होते. या वेळी मी स्थिर बसले होते. खूप छान आवाज आहे गं तुझा. मला आधी तेच वाटलं, आणि मग शब्द कळले.

आता माझं म्हणणं.

तार उकरू नकोस. दुरुस्ती नको. भांडारात ऐकू येतं ते येऊ दे. मी दारावर लावायला पाटी छापली आहे: "इथे ऐकू येतं." ती तू लाव, मुद्देच्या समोर लाव.

भाषण मी करणार आहे. समन्वयक बाईंना मी आज जाऊन सांगितलं. त्या "पण... पण..." म्हणत होत्या, मी यंत्र काढून खिशात टाकलं. तू मंचावर येऊन माझं बोलणं सोपं करून सांगायचं नाहीस. ज्यांना कळणार नाही ते विचारतील. मी जन्मभर विचारतेच आहे, एक दिवस त्यांनी विचारलं तर काही बिघडत नाही.

आणि उद्‌घाटनानंतरच्या बैठकीला तू भांडारात बसायचंस. तारेतला आवाज पकडणाऱ्या तुझ्या चाचणीच्या यंत्राला हेडफोन लावून. आम्ही तुझ्याविषयी बोलणार आहोत.

खोलीवर कधी परत येईन ते माहीत नाही. कपाटाचं दार माझंच ठेव.

भिंगरी


४ एप्रिल

प्रिय मावशी,

उद्‌घाटनाचं तू पाहिलंस, ते पुन्हा लिहीत नाही. फक्त अ‍ॅम्प्लिफायरच्या मागून जे दिसलं ते सांगते. माझा अंदाज बरोबर होता. निम्म्या लोकांना पहिल्या खेपेला कळलं नाही. पाहुणे अवघडले, त्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मग मागच्या रांगेतल्या त्या आजोबांनी ओरडून विचारलं, "काय म्हणालीस, पोरी?" आणि तिनं ते वाक्य पुन्हा म्हटलं, सावकाश. मग दुसऱ्या कुणी विचारलं. मग कुणी तरी विचारावं याची सगळे वाटच पाहत होते असं वाटायला लागलं. भाषण ठरल्यापेक्षा खूप लांबलं. अंदाज बरोबर असण्याचा इतका त्रास मला कधी झाला नव्हता. मी निम्म्या लोकांपर्यंत मोजलं होतं आणि तिथेच थांबले होते.

निघताना तू माझा चष्मा काढून घेतलास, पदरानं काचा पुसल्यास आणि परत डोळ्यांवर ठेवलास. मी त्याचा अर्थ लावायचा प्रयत्न करत नाही. दिसायला मात्र लागलं.

काल बैठक झाली. पाटी मी आधीच लावली होती. मुद्दे म्हणाला, "हे जरा जास्त होतंय, माझे तीन..." आणि पाटी पुन्हा वाचायला लागला. मी भांडारात गेले आणि दार लावून घेतलं. चारी बाजूंनी खुर्च्यांच्या चळती, पाठीवर तिचे क्रमांक. मी हेडफोन लावले.

विषय असा होता की शेजारच्या वस्तीतल्या तरुणांच्या गटाला आपलं सभागृह कसं झालं ते सांगायला कुणी जायचं. माइक फिरत होता. समन्वयक बाईंनी माझं नाव सुचवलं, तांत्रिक माहिती आहे म्हणून. मग थोडी खरखर झाली आणि कुणी तरी माइक हातात घेतला.

भिंगरी होती. म्हणाली, "आमच्या इंजिनाला नको. ती बोलते ते निम्म्या लोकांना कळणार नाही. तारा, क्षेत्र, आठचा आकडा. लोक अवघडतील, तीही अवघडेल." पुढे म्हणाली, "तिला मंचावर बसवू. फोटो बरा येतो. बोलायला नको. तिला मी सांगते, माझं ती ऐकते."

चाकांच्या खुर्चीवरचा मुलगा आधी हसला. मग सगळे हसले. माझ्या हेडफोनमध्ये ते हसू भरून आलं आणि मला कान झाकता येईनात, कारण आवाज कानातच होता. तोंडावर हात ठेवून मी तिथे बसून राहिले. हसणं थांबलं तरी ती माइक सोडत नव्हती. श्वास ऐकू येत होता. मग ती हळू म्हणाली, "कळलं ना, इंजिन?"

पंखा नव्हता, भांडी नव्हती, रस्ता नव्हता. तिचा आवाज इतका स्वच्छ मीही कधी ऐकला नव्हता, मावशी. इतकी वर्षं तिच्या बोलण्यातला अर्धा भाग मीही अंदाजानंच भरत होते, आणि अंदाज चुकला की चूक तिची धरत होते.

काल प्रत्येक शब्द कळला. मी दार उघडून बाहेर गेले, खुर्च्यांची एक चळत घेऊन.

तुझी भाची